चुकलं की एक टाळी

आक्काच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी आक्काचाच खोकला कापत बसलो होतो. हे लिहायला हात धजत नाही, पण सुरुवात तिथूनच होते, दुसरीकडून कुठून करू? बेळगावात खडेबाजाराच्या एका पोटगल्लीत माझं अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळचे साडेअकरा झाले होते. कानावर हेडफोन होता आणि समोर संगणकाच्या पडद्यावर भूगोलाच्या नवव्या धड्याची आवाजाची रेघ पसरलेली होती. टेबलावर मोबाईल थरथरला, ‘सुनंदा आक्का’ असं नाव उमटलं, आणि मी मनात म्हटलं, थांब की गं जरा, तुझंच चाललंय. घाई करायला फोन करते असं समजून मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा वैतागून हेडफोन काढला आणि म्हणालो, “आक्का, दुपारपतूर देतो म्हटलं न्हवं?” पलीकडे आक्का नव्हती. तिच्या निपाणीच्या घराशेजारी पिठाची गिरणी चालवणारे शंकरआप्पा होते. “बाळू, बाई गेल्या रं… सकाळी च्या पिताना धाप लागली. कोल्हापूरला न्यायला गाडी काढली, पर कागलच्या फुडं काय गेलो न्हाय…” ते बोलत होते आणि माझ्यासमोर पडद्यावर, पुसायला म्हणून निळा करून ठेवलेला आक्काचा खोकला तसाच होता. संगणक बंद करायचंही सुचलं नाही. शटर ओढलं आणि निपाणीची बस धरली.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून लिहिण्याबद्दल विचारणा झाली तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. मी सोल्डरिंग करणारा माणूस, लिहिणारा नव्हे. शिवाय गेलेल्या माणसावर जो साखरेचा पाक ओततात तो मला सोसत नाही. आक्कालाही सोसला नसता. पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या सभेत एकजण तिला ‘साक्षात सरस्वतीची कन्या’ म्हणाला, तर शेजारच्या तीन खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला व्हती म्हणावं त्यास्नी.” मी स्टेजखाली अॅम्प्लिफायरपाशी बसलो होतो. मला हसू आवरेना, आणि हसण्याच्या नादात माईक शिट्टी मारायला लागला.

आमची ओळखसुद्धा अशाच एका शिट्टीतून झालेली. मी मूळचा येळ्ळूरचा. आक्का नोकरीच्या सुरुवातीला आमच्या गावच्या शाळेवर होती. पंधरा ऑगस्टला भोंगा लावायचं काम माझ्याकडे असायचं. मी तेव्हा विशीतला, अंगात रग, आपल्यालाच सगळं कळतं असा तोरा. मुलं गाणं म्हणायला उभी राहिली आणि भोंगा असा किंचाळला की पहिलीतलं एक पोर रडायला लागलं. ही बाई तरातरा माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, तुमचं यंत्र गाणार असंल तर पोरांना खाली बसवू का?” मला राग आला. पण तिनंच मला दाखवलं की भोंग्याचं तोंड माईककडे आहे म्हणून तो ओरडतोय. कुणाकडून शिकली होती कोण जाणे. तेव्हापासून मी तिला आक्का म्हणायला लागलो. ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी.

त्याच वर्षीची एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी दोन दिवस घालवले. लिहितो. पुढचं समजायला ती लागेल. शाळेची वाजवायची पेटी दुरुस्तीला टाकायला म्हणून आक्का आमच्या घरी आली होती. माझ्या आईनं तिला चहा दिला. आमचे रोजचे कप चुलीशेजारी असायचे. आईनं पाय उंचावून वरच्या फळीवरचा एक कप काढला, फुंकर मारून पुसला आणि त्यात दिला. का ते मला कळलं. आक्काला कळलं हेही मला कळलं. ती चहा प्यायली, कप स्वतः विसळून पालथा घातला, पेटीचं काम सांगितलं आणि गेली. मी हाताशी असलेला स्क्रू फिरवत बसलो. एक शब्द बोललो नाही. पुढं तीस वर्षांनी, एकदा निपाणीत तिच्या स्वयंपाकघरात तीच मला चहा देत असताना मी तो विषय काढला आणि माफी मागायला लागलो, तर म्हणाली, “कप फळीवरनं काढल्याला आवाज आलता मला. तवाच म्हंटलं, ह्यो पोरगाबी ऐकतोय, पर बोलंना.” एवढं बोलून तिनं मला बिस्किटं पुढं केली.

माझे कान तिखट आहेत. याचा मला फार गर्व होता. स्पीकरचा पडदा कुठं फाटला आहे ते मी खोका न उघडता सांगतो. बोलायचं तेवढं मात्र माझ्याकडून राहून जातं.

रेकॉर्डिंगचं खूळ सुरू झालं ते चिकोडीच्या कमलमुळे. कमलला जन्मापासून दिसत नाही. एका कचेरीत फोन जोडून देण्याचं काम करते आणि नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए. करत होती, मराठीतून. आक्काची ती कधीकाळची विद्यार्थिनी. मोबाईल तिला पुस्तकं वाचून दाखवतो, पण तो ‘कृष्णा नदी’ असं म्हणतो की वाटावं नदीवर समन्स निघालंय. म्हणून निवृत्त आक्कानं ठरवलं की पुस्तकं आपण वाचायची. आपल्या मोबाईलवर पहिला धडा भरला आणि धाडला. कमल भारी गुणाची, पण खरं बोलणारी. ती म्हणाली, “बाई, वाचन सुंदर हाय. पर तुमच्यापरीस गिरणीच जास्त ऐकू येती.” मग आक्कानं मला फोन केला. “बाळू, घरात बसून रेडिओसारखा आवाज भरायचा असंल तर काय करायला लागतंय? आणि लई शहाणपणा न करता सांग.”

शहाणपणा न करता मला काही सांगता येत नाही. मी निपाणीला गेलो आणि आधी तिचं घर ऐकलं. खुर्चीवर डोळे मिटून बसलो आणि एकेक आवाज टिपून घेतला. भिंतीवरचं घड्याळ. फ्रीज. पंख्याची करकर. तिच्या बांगड्या. कडक इस्त्रीच्या सुती साडीची सळसळ. आणि भिंतीपलीकडे शंकरआप्पांची गिरणी, जी घराच्या हाडांतून बोलायची. घड्याळ माजघरातून बाहेर गेलं. बांगड्या वाचताना काढून ठेवायच्या. साडी जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली नेसायची. वाचायच्या आधी दूध नाही, शेंगदाणे नाहीत, कोमट पाण्याचा एक तांब्या शेजारी. माईक तोंडासमोर धरायचा नाही, वीतभर लांब आणि जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा वारा त्याच्यावर आदळत नाही. तरी आदळायचाच, म्हणून तिच्या भरतकामाच्या लाकडी रिंगणात जुन्या पातळाचा पदर ताणून बसवला आणि तो माईकच्या पुढ्यात टांगला. अंथरुणं ठेवायची एक लहान बिनखिडकीची खोली होती, ती नक्की केली. उघड्या भिंतींवरून आवाज उलटून येतो, तो अडवायला भिंतीवर काहीतरी जाड टांगायला हवं होतं. निपाणीत बारदानाला काय तोटा? मी ओळखीच्या वखारीतून तंबाखूची दहा-बारा रिकामी पोती उचलून आणली आणि मोठ्या ऐटीत दारात टाकली.

आक्का बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थांबली. पोत्यांच्या वासानं तिचा चेहरा असा झाला की मी दचकलो.

“हे बाहेर ने.”

“आक्का, बारदान आवाज लई छान खातंय…”

“बाळू, बाहेर ने म्हंटलं न्हवं? माझी आई उभा जन्म ह्या खकाण्यात तंबाखू चाळत व्हती. शाळेला सुट्टी पडली की मीबी जायची, धाव्वीपतूर. नाकातोंडात जायचं, भाकरीबी कडू लागायची. ते पुन्यांदा माझ्या घरात न्हाय यायचं.”

मी पोती मुकाट्यानं परत नेली. येऊन बघतो तर तिनं पेटीतून पाच वाकळा काढून ठेवल्या होत्या. तिच्या आईनं जुन्या लुगड्यांचे थर घालून, बोटभर अंतरावर धावदोरा घालत शिवलेल्या, जड, ऊबदार. “ह्या लाव. ह्या खातील काय आवाज?” मी खिळे मारले, चारी भिंतींना चार आणि दाराला एक. दार ओढून टाळी वाजवली, तर टाळी जिथल्या तिथं विरली. मी अनेक ठिकाणी रेकॉर्डिंगच्या खोल्या करून दिल्या आहेत, इतकी चांगली एकही जमली नाही.

गिरणीचं काय करायचं? त्यावर उपाय तिनंच शोधला. निपाणीत दुपारी लाईट जायची. लाईट गेली की अख्खी गल्ली बोंब मारायची आणि ही एकटी आनंदानं उठायची. गिरणी बंद, पंखे बंद, शेजारचा टीव्ही बंद. माईक मोबाईलच्या बॅटरीवर चालायचा. “लाईट गेली, चला!” म्हणत ती बांगड्या उतरवायची. ज्या दिवशी लाईट जायची नाही त्या दिवशी शंकरआप्पांशी भांडण. “आप्पा, धा मिंटं थांबवा की वो गिरणी.” “बाई, दळण न्यायला लोक उभारल्यात.” “त्यास्नीबी थांबवा, माझा पाठ संपत आलाय.” आणि आप्पा खरंच थांबवायचे. आजही लाईट गेली की ते गिरणीबाहेर येऊन तिच्या दाराकडे बघतात, असं तेच मला म्हणाले.

दोन नियम मी घालून दिले होते. त्या दोन नियमांपाशीच सगळं येऊन थांबतं, म्हणून नीट सांगतो. पहिला नियम, रेकॉर्डिंग सुरू केलं की अर्धं मिनिट काही न बोलता बसायचं. रिकाम्या खोलीचाही एक आवाज असतो. तो आधी एकटा मिळाला तर संगणकाला सांगता येतं, हा एवढा आवाज सगळ्या धड्यातून वजा कर. काम झालं की ते अर्धं मिनिट मी कापून टाकायचो. दुसरा नियम, चुकलं की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. टाळी पडद्यावर उंच काडीसारखी दिसते, म्हणजे चूक शोधत बसावं लागत नाही. आक्काला हा नियम फार आवडला. पस्तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, आता आपल्या चुकीला आपणच टाळी, म्हणायची. टाळीनंतर माझ्यासाठी सूचनाही असायची. पुस्तकातलं मराठी कसं शुद्ध, कोरीव, “दख्खनच्या पठाराची निर्मिती…” आणि मध्येच टाळी, आणि मग आमची घरची भाषा: “बाळू, हितनं काप रं. चष्मा घसरला.”

सुरुवातीच्या धड्यांत टाळ्या दोन-तीन. पडद्यावर एखाद-दुसरी काडी. कमल तर वेडी झाली. तिनं तिच्या ओळखीच्या, न दिसणाऱ्या आणखी सहा-सात जणांना ते धडे दिले. आणि आणखी एक श्रोता होता, आक्काची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. आक्काचा नवरा लवकर गेला. प्रज्ञाला तिनं एकटीनं शिकवलं. ती मस्कतला एका दवाखान्यात नर्स आहे. आक्का दर रविवारी तिला तयार झालेला धडा धाडायची, आणि प्रज्ञा ड्यूटीला जाताना बसमध्ये तो ऐकायची. दख्खनच्या पठाराशी तिला काय कर्तव्य? आईचा आवाज ऐकायचा, एवढंच. “मामा, तुमी काय जादू करताय? आई शेजारी बसून बोलल्यागत वाटतंय,” असा तिचा मला मेसेज आला होता. मी तो दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

नंतर काड्या वाढायला लागल्या. आधी पाच-सहा, मग दहा-बारा. टाळीच्या आधी खोकला. कोरडा, लहान, कागद फाटल्यासारखा. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका धड्याची रेघ पडद्यावर उघडली तर ती जोंधळ्याच्या रानासारखी दिसत होती, नुसती ताटंच ताटं. अर्ध्या तासाच्या धड्याला मला तीन दिवस लागले. प्रत्येक खोकला काढायचा, दोन तुकडे असे जोडायचे की सांधा कळू नये. वाक्य तुटलं असेल तर आधीच्या धड्यातून तिचाच एखादा शब्द आणून बसवायचा. एका ठिकाणी ‘आणि’ हा शब्द मी आठ महिन्यांपूर्वीच्या धड्यातून उचलला. बेमालूम बसला. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की गल्लीच्या तोंडावर जाऊन मिसळ खाऊन आलो. हे मी काय सांगतोय याची मला लाज वाटते, पण तसंच झालं.

एकदा फोनवर विचारलं मी. अगदीच मुका नव्हतो. “आक्का, खोकला लई वाढलाय. दाखवलीस का कुणाला?”

“पिठाची धूळ हाय रं. गिरणी हाय न्हवं शेजारी.”

“पर आक्का…”

“तू तेवढं स्वच्छ कर. पोरगी ऐकती.”

पोरगी ऐकती. मी त्याचा अर्थ असा घेतला की पोरीला चांगला आवाज मिळाला पाहिजे. दुसराही अर्थ तिथंच होता, उघडा. प्रज्ञाशी ती फोनवर बोलणं कमी करत आली होती. “वाचायचं हाय, ठेवू?” म्हणून दोन मिनिटांत आटपायची आणि बोलण्याच्या जागी धडा धाडायची. हे मला ठाऊक होतं, कारण तिनंच हसत सांगितलं होतं. पण मला आवडलं होतं माझं काम. कुणीतरी माझ्या हातावर भिस्त ठेवली होती, आणि मी दुसरा अर्थ बाजूला सारला.

दिवाळीनंतर कमलचा फोन आला. “अण्णा, एक विचारू? बाई बऱ्या हैत न्हवं?”

“बऱ्या की. का गं?”

“न्हाय… पयल्या पुस्तकात त्यांचा श्वास ऐकू यायचा. वाक्य संपलं की श्वास घ्यायच्या, मग फुडचं. आता श्वासच न्हाय. वाक्य मधनंच उचलल्यागत वाटतंय. लांब वाक्य असलं की दोन ठिकाणी. म्हणून म्हंटलं…”

मी कसनुसा हसलो आणि तिला माईकबद्दल एक व्याख्यान दिलं. नवा माईक आहे, तो श्वास पकडत नाही, असलं काहीबाही. माझा सांधा कळला, याचाच मला राग आला होता. जिला दिसत नाही तिनं माझी कारागिरी पकडली. ती बिचारी “बरं अण्णा” म्हणाली. फोन ठेवल्यावर मी बसून तो धडा पुन्हा काढला आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आक्काचा जुना, पहिल्या पुस्तकातला श्वास चिकटवला. चांगला, खोल, भरलेला श्वास. तो प्रज्ञाला गेला. कमललाही गेला.

शेवटची भेट जानेवारीतली. पेनड्राईव्ह द्यायला म्हणून आक्का बेळगावला दुकानात आली. गेलं वर्षभर ती फाईल मोबाईलवरून न धाडता स्वतः घेऊन येत होती. “तेवढंच तुझ्या हातचा च्या,” म्हणायची. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. ती तिसऱ्या पायरीवर थांबली, दाराच्या चौकटीला हात धरून, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत हसत राहिली. बोलता येत नव्हतं म्हणून हसत होती, हे मला आत्ता कळतं. मी स्टूल दिलं, चहा मागवला, आणि तिला नवं सॉफ्टवेअर दाखवत बसलो. खोकला आता ते आपोआप ओळखून काढतं, म्हणालो. ती बघत होती. “लई हुशार झालास,” म्हणाली. मग “एका ठिकाणी जाऊन येते” म्हणून उठली. कुठं, मी विचारलं नाही. तिच्या कपाटात आता फाईल सापडली आहे. बेळगावच्या छातीच्या डॉक्टरांचे कागद. प्रत्येक कागदावरची तारीख मी माझ्या संगणकाशी ताडून बघितली. ज्या ज्या दिवशी ती पेनड्राईव्ह घेऊन आली, तो तो दिवस. फुप्फुसं आतून घट्ट होत चालल्याचं तिला वर्षभर ठाऊक होतं.

प्रज्ञा अंत्यविधीला पोचू शकली नाही. दुसऱ्या दिवशी आली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांगले, आणि ती मला म्हणाली, “मामा, आईचं जेवढं हाय तेवढं सगळं द्या. न कापल्यालंबी.” माझ्याकडे ते होतं. मी काही फेकत नाही, जळलेले ट्रान्झिस्टरसुद्धा नाही. आठ दिवस मी आज देतो, उद्या देतो करत राहिलो. देऊ नये असं वाटत होतं. मूळ फाईल मेमरी कार्डासह हरवली म्हणून सांगावं, असंही एकदा मनात आलं आणि ते वाक्य मी आंघोळ करताना म्हणूनही बघितलं. कपाच्या वेळी गप्प बसलो होतो, तेव्हा वीस वर्षांचा होतो. आता साठीला आलोय. शेवटी सगळं एका कार्डावर भरलं आणि गेलो.

त्या अंथरुणाच्या खोलीतच आम्ही बसलो. वाकळा तशाच टांगलेल्या. पातळाचा पदर ताणलेलं रिंगण तसंच. मी लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं. टाळ्या, खोकला, चिकटवलेले श्वास, कमलचा फोन. काही ठेवलं नाही. तिनं हेडफोन पुढं ओढला. म्हणाली, “आधी पयला धडा लावा. न कापल्याला.” मी लावला. तिनं हेडफोन घातला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली. ती आवाज ऐकत नव्हती, ते सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकत होती. अर्धं मिनिट झाल्यावर मला हातानं थांबवलं. “आठ,” म्हणाली. “आता मधला एखादा.” मी लावला. “अकरा.” मग दिवाळीच्या आठवड्यातला लावला. भिंतीपलीकडे गिरणी चालू होती, पण त्या खोलीत कापूस भरल्यासारखं झालं होतं. तिचे ओठ हलत होते.

“पंधरा. म्हंजे मिंटाला तीस, मामा. खुर्चीवर बसून. काय न करता.” हेडफोन काढून तिनं मांडीवर ठेवला. “मी दिवसभर ह्येच काम करती. लोकांचे श्वास मोजायचं.”

मी लॅपटॉपचा पडदा अर्धा खाली केला.

“हे तुमी ऐकलंसा?”

“व्हय.”

“परत्येक धड्याला?”

“व्हय.”

“आणि?”

“कापून टाकलं.”

ती रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “आई बरी झाली नसती. ह्यात बरं व्हत न्हाय, मला ठाऊक हाय. आईनं लपवलं ते तिचं ती. पर हे एक मला मिळालं असतं तर मी आले असते. वर्सभर तिच्याजवळ ऱ्हायले असते. बसमध्ये बसून धडा ऐकत व्हते मी, मामा, आणि म्हणत व्हते, बघा आवाज कसा ठणठणीत हाय माझ्या आईचा…”

हा लेख म्हणजे उत्तर नव्हे आणि माफीनाम्याची ही जागाही नव्हे. प्रज्ञानं मला क्षमा केली असं मी लिहिणार नाही, कारण तिनं तसं म्हटलेलं नाही. जाताना तिनं भिंतीवरच्या चार वाकळा उतरवून घडी घालून पेटीत भरल्या, मस्कतला न्यायला. दारावरची पाचवी तशीच ठेवली. ती का ठेवली, मी विचारलं नाही. लाकडी रिंगण मात्र तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “राहिल्याला धडा कमलताईला द्या. हाय तसा.”

तो नववा धडा, नद्यांचा. शंकरआप्पांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर होता तोच. मी निळा केलेला खोकला सोडून दिला आणि फाईल जशी होती तशी कमलला धाडली. खाली लिहिलं, कमल, तुझं बरोबर होतं, मी खोटं बोललो. तिचं उत्तर तीन दिवसांनी आलं. फक्त एवढंच, की त्या सहा-सात जणांनाही मी हीच फाईल द्यावी, स्वच्छ केलेली नको.

रिंगण आता दुकानात माझ्या टेबलावर टांगलेलं असतं. पातळाचा रंग उडालाय, मधोमध तिच्या श्वासानं पडलेला एक फिकट गोल डाग आहे. रोज सकाळी शटर उघडलं की कामाला लागण्याआधी मी तो धडा लावतो. आधी अर्धं मिनिट. मीही आता मोजतो. मग वेदगंगा, दूधगंगा, एकेक नाव दम खात, दोन-दोन शब्दांनी. मग खोकला, लांबलेला. टाळी, अगदी हलकी, पडद्यावर दिसेल न दिसेल अशी. वाक्य पहिल्यापासून घ्यायला ती तोंड उघडते, पण वाक्य येत नाही. थोड्या वेळानं आमच्या घरच्या भाषेत म्हणते, “बाळू… हितनं काप रं.” आणि मोबाईल बंद करायचा विसरते. त्यापुढं चार मिनिटं आहेत. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज, एकेक करून हातात चढवलेल्या बांगड्या, लाईट आल्यावर सुरू झालेली गिरणी, दारावरची वाकळ सारल्याची सळसळ, आणि घरात लांब, लांब जाणारा तिचा खोकला. तो ऐकू यायचा थांबेपर्यंत मी हेडफोन काढत नाही. दारात गिऱ्हाईक उभं असेल तर त्याला हातानं थांब म्हणतो.